पिशवीत पुन्हा तांदूळच का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मंडळीचं मदतकार्य

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ जवळ आला की मंडळ्यांमधल्या (चर्चमधल्या) मदतपेट्या कपाटातून बाहेर येतात आणि आमच्याकडे पत्रांचा ओघ वाढतो. यंदा बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे : ओढगस्तीला आलेल्या घराला नेमकं काय द्यायचं, किती आणि कसं? याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाबहिणीला ‘सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा’ असं सांगून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्यांना खडसावलं आहे. आपल्या मंडळ्या रिकाम्या हाताने कुणाला पाठवत नाहीत. अडचण अशी की, जे हातात पडतं ते पुष्कळदा त्या घराला नको असतं. म्हणून उत्तरं जरा तपशिलात देत आहोत.

प्रश्न : आमची मंडळी बारा कुटुंबांना दरमहा १० किलो तांदूळ आणि ५ किलो गहू देते. त्यांतल्या दोन घरांनी तांदूळ विकल्याचं कळलं. काही वडीलजन म्हणतात, मदतच बंद करा. काय करावं? (एक वाचक, श्रीरामपूर)

उत्तर : मदत बंद करू नका, पिशवी बदला. तांदूळ विकला गेला याचा अर्थ त्या घरात तांदूळ होता आणि दुसरं काहीतरी नव्हतं.

आधी प्रत्येक घराचं रेशनकार्ड पाहा. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं. कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असेल तर माणशी ५ किलो. हे धान्य सध्या मोफत आहे. म्हणजे चौघांच्या घरात २० किलो गहू-तांदूळ येतोच. त्यावर तुमचे १५ किलो आले की डब्यात मावत नाहीत, पावसाळ्यात तांदळाला किडे लागतात, आणि ते मिळेल त्या भावाने काढून टाकले जातात. त्यात लबाडी काही नाही.

रेशनवर नियमित मिळत नाही ते द्या. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असलेल्या घराला महिन्याची पिशवी साधारण अशी असावी : तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूग १ किलो, एक-एक लिटरच्या तेलाच्या दोन पिशव्या, साखर २ किलो, चहा पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, मीठ १ किलो, तिखट पाव किलो, हळद १०० ग्रॅम, कांदे ३ किलो, अंगाचे चार साबण, कपड्यांचा साबण किंवा पावडर १ किलो, दंतमंजन. घरात मुली-बायका असतील तर सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं न विचारता ठेवा. ती कुणी मागत नाही, आणि तंगी आली की पहिली काट त्यावरच बसते.

दळणाचे पैसे आणि गॅस या दोन गोष्टी पिशवीत मावत नाहीत, म्हणून विसरल्या जातात. गहू फुकट मिळाला तरी गिरणीवाला पैसे घेतोच. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी भरता येत नाहीत म्हणून महिन्याच्या शेवटी कितीतरी घरं काटक्यांवर येतात. अशा घरी दोन महिन्यांतून एकदा सिलिंडर भरून दिलात तर तांदळाच्या पोत्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

ज्या घराकडे कार्डच नाही, किंवा केशरी कार्ड आहे पण धान्य येत नाही, तिथे मात्र गहू-तांदूळ जरूर द्या आणि सोबत तहसीलच्या पुरवठा शाखेत एक फेरी मारा. ई-केवायसी न झाल्याने नाव बंद पडलं असेल तर दुकानातल्या यंत्रावर अंगठा देऊन काम होतं. म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय विचारा.

पिशवीऐवजी वाण्याच्या दुकानाची चिठ्ठी दिली तर आणखी बरं. घरची बाई तिला हवं ते घेते. चिठ्ठीवर रक्कम, तारीख, सात दिवसांची मुदत आणि दोन सह्या असाव्यात. मंडळीचं नाव नको. इथे हमखास एक घोळ होतो : दुकानदार चिठ्ठीची रक्कम जुन्या उधारीत वळती करून घेतो आणि बाई रिकाम्या हाताने परतते. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा की चिठ्ठीवर त्याच दिवशी माल गेला पाहिजे, आणि मालाची यादी मागच्या बाजूला लिहिलेली असेल तरच पैसे मिळतील.

प्रश्न : आमची मंडळी वीसच घरांची, सगळे हातावर पोट असलेले. आम्ही काय देणार? (एक भगिनी, जालना जिल्हा)

उत्तर : मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ‘बुहफाइ थम’ म्हणतात त्याला. तो तांदूळ गोळा करून विकला जातो आणि तिथल्या मंडळीच्या कार्याचा मोठा भार त्या मुठीवर चालतो. आपल्याकडे मुष्टिफंड हा शब्द जुनाच आहे.

तुम्ही तांदळाऐवजी डाळीची मूठ धरा. बाईच्या मुठीत सुमारे ५० ग्रॅम डाळ बसते. दिवसातून एकदा काढली तर महिन्याला एका घरातून दीड किलो, वीस घरांतून ३० किलो. वर दिलेल्या यादीप्रमाणे दहा कुटुंबांची डाळ झाली. डबा चुलीजवळच ठेवा. कपाटात ठेवलेल्या डब्याची आठवण राहत नाही. निरनिराळ्या डाळी एकत्र करू नका, शिजायला वेळ वेगवेगळा लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेला येताना डबा आणायचा आणि सर्वांचं एकाच पिंपात ओतायचं. कुणी किती आणलं ते मोजायचं नाही.

प्रश्न : मदत समितीवर आरोप होतो की जवळच्यांनाच देता. आम्ही प्रामाणिक आहोत, तरी बोलणी खावी लागतात. (मदत समितीचा एक सभासद, पुणे)

उत्तर : हे गाऱ्हाणं पहिल्या मंडळीइतकं जुनं आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय : रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातांची नावं पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती, कारभार त्यांच्याच हाती गेला.

तुमच्या समितीत वस्तीतलं कोण आहे? कधीकाळी स्वतः मदत घेतलेलं कोण आहे? नसेल तर तिथून सुरुवात करा. सात जणांत किमान दोघे तसे असावेत, आणि निम्म्या बायका. समितीच्या सभासदाचा नातेवाईक यादीत आला तर त्या दिवशी त्या सभासदाने उठून बाहेर बसायचं. हे वहीत लिहायचं.

पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन घरांत. पैसे मोजताना तिघे. वहीत नावाऐवजी क्रमांक घाला आणि क्रमांकांची यादी पाळकसाहेबांकडे बंद पाकिटात राहू द्या. दर तीन महिन्यांनी मंडळीपुढे एवढंच वाचून दाखवा : इतके जमले, इतक्या घरांना दिले, इतके किराण्यावर, इतके औषधांवर, शिल्लक इतकी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेच्या मदतनिधीबरोबर दुसरी विश्वासू माणसं पाठवतो, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. प्रेषिताला जी खबरदारी घ्यावीशी वाटली ती समितीलाही घ्यावीशी वाटली पाहिजे.

प्रश्न : घरभेटीला प्रथमच जाणार आहोत. काय बोलायचं? (तरुण संघ, वसई)

उत्तर : दोघांनी जा. ही रीत मोठ्या परंपरेची आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता. कुठल्या घरी जायचं आणि कसं वागायचं, हे त्या मुलांना सिस्टर रोझाली रांद्यू यांनी शिकवलं. त्यातून संत व्हिन्सेंट द पॉल संस्था उभी राहिली. तुमच्या वसईच्या धर्मग्रामांत तिचं काम चालतं. तिथल्या जुन्या सभासदांबरोबर पहिल्या दोन भेटी करा.

दोघांत एक बाई असावी. आधी निरोप द्या. पाऊण तासाच्या वर बसू नका. वही-पेन बाहेर काढू नका. काय ते निघाल्यावर गल्लीच्या टोकाला लिहा. चहा दिला तर घ्या, अर्धा कप का होईना. ज्या घरातून फक्त घेतलंच जातं त्या घराला तो चहा देता येणं फार मोलाचं असतं.

‘काय हवं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नको, प्रार्थना करा.’ त्याऐवजी साधं विचारा : दूध कुठून घेता? मुलगा शाळेत कसा जातो? भाडं किती तारखेला असतं? औषध संपत आलं का? भाडेकरारावरची तारीख, विजेच्या बिलावरची थकबाकी आणि औषधाच्या पट्टीत उरलेल्या गोळ्या यांवरून घराची बरीच हकिगत कळते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जात असेल तर ते पैसे वाचवणं असतं, विसराळूपणा नव्हे. अशा वेळी सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी किंवा जनऔषधी दुकानातली स्वस्त गोळी डॉक्टरला विचारून सुरू करून द्या.

जे करता येणार नाही ते कबूल करू नका. ‘बघतो’ हा शब्द त्या घरात महिनाभर मोजला जातो.

प्रश्न : मंडळीतल्या एका रिक्षाचालक भावाचं मोठं ऑपरेशन आहे. वर्गणी काढायची ठरली आहे. आणखी काय करता येईल? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : वर्गणी शेवटी. आधी कागद. उलट क्रमाने झालं की लाखभर रुपये भरून मग कळतं की ते भरायची गरज नव्हती.

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. दूरध्वनी १५५३८८. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा, ऑपरेशन यादीत आहे का विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. नंतर गेलं तर हात हलवत परत यावं लागतं. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल (आपल्याकडे ‘जॉन’ आणि ‘योहान’, ‘मेरी’ आणि ‘मरिया’ हा घोटाळा नेहमीचा) तर तो दाखल होण्याआधी निस्तरा.

दुसरी चौकशी धर्मादाय रुग्णालयाची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखायच्या असतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. भव्य काचेची इमारत पाहून पुष्कळ जण विचारतच नाहीत. पण फलकावर ‘धर्मादाय’ असं लिहिलेलं असतं. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ असं तोंडी सांगितलं तर तेच लिहून मागा. मग धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जाता येतं. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही.

तिसरी जागा मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी. तिथेही रुग्ण दाखल असतानाच अर्ज करावा लागतो. भरून झालेल्या बिलाची भरपाई मिळत नाही.

या शेवटच्या दोन्ही ठिकाणी एक कागद लागतो : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो आजारपणात चार दिवसांत निघत नाही. तो साधारणपणे ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून मंडळीने एप्रिल-मे महिन्यांत एका शनिवारी यादीतल्या सगळ्या कुटुंबांना सेतू केंद्रात नेऊन दाखले काढून ठेवावेत. शाळेच्या सवलतींनाही तोच लागतो. आमच्या मते एखाद्या मंडळीला वर्षातून एकच काम जमणार असेल तर ते हे.

आता राहतो सोबतचा माणूस. रुग्णाला खाट मिळते, त्याची बायको जिन्यात झोपते. तिच्यासाठी एक पिशवी भरून द्या : चादर, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, पातळ टॉवेल, दहा-वीसच्या नोटांत ५०० रुपये, रेशनकार्ड-आधारच्या पाच-पाच झेरॉक्स, रुग्णाचे चार फोटो, एक पेन. रात्रीच्या पाळीला मंडळीतल्या बायकांनी आलटून पालटून बसावं, म्हणजे ती घरी जाऊन अंघोळ करून मुलांना भेटून येते. याईराची मुलगी उठून चालू लागली तेव्हा सगळे थक्क होऊन उभे होते. तिला काहीतरी खायला द्या, हे येशूला सांगावं लागलं. मार्कच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस ते आहे. दवाखान्यात जाताना ती ओळ ध्यानात ठेवावी.

खाऊ नेताना मात्र आजार विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळं आणि केळी नेली जातात, आणि त्याला नेमकं तेच घातक असतं, कारण त्यांत पोटॅशियम जास्त.

प्रश्न : वस्तीत एका घरात क्षयरोगी आहे. मदत करायची इच्छा आहे, पण लोक घाबरतात. (भगिनी मंडळ, सोलापूर)

उत्तर : क्षय भांड्यांतून, कपड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेने पसरतो. योग्य औषधं सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले की धोका बराच कमी होतो. तोवर भेट अंगणात घ्या, तोंडाला मास्क लावा.

मंडळीला ‘नि-क्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवता येतं. २०२२ पासून ही सोय आहे. नि-क्षय पोर्टलवर किंवा तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाकडे नोंदणी करा. रुग्णाची संमती असेल तरच त्याचं नाव मिळतं. मोठ्या माणसाची महिन्याची अन्नपिशवी अशी सुचवलेली आहे : धान्य-भरड ३ किलो, डाळी दीड किलो, तेल २५० ग्रॅम, आणि दूध पावडर १ किलो किंवा त्याऐवजी शेंगदाणे १ किलो. अंडी खात असतील तर ३० अंडी. निदान सहा महिने द्यायची तयारी ठेवा. तिसऱ्या महिन्यात बरं वाटू लागतं, तेव्हा रुग्ण गोळ्या सोडतो आणि देणारेही थंडावतात. तोच महिना सांभाळायचा.

शिवाय रुग्णाला शासनाकडून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. खातं आधारला जोडलेलं नसल्याने ते अडकतात. बँकेत सोबत जा.

प्रश्न : दुःखाच्या घरी जेवण पाठवतो, पण ते वाया जातं. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : दफनाच्या दिवशी सात घरांतून डबे येतात आणि दहाव्या दिवशी एकही येत नाही. भगिनी मंडळातल्या एकीने वही धरावी आणि चाळीस दिवसांचे वार वाटून द्यावेत : पहिले तीन दिवस दोन्ही वेळा, पुढे आठवड्यातून तीनदा, शेवटी रविवारी दुपारी एकदा. भाकरी-पिठलं, मुगाची खिचडी, वरण-भात. तेलकट, मसालेदार नको, घशाखाली उतरत नाही. परत न करायच्या डब्यांत द्या. ओट्यावर सात घरांचे सात स्टीलचे डबे धुऊन, ओळखून परत करत बसणं हे नवऱ्याला पुरून आलेल्या बाईच्या वाट्याला येऊ नये.

प्रश्न : नवरा दारू पितो. पैसे दिले की संपतात, बायको-मुलं उपाशी. (नाव नको)

उत्तर : त्या घरात रोख देऊ नका, पण त्यासाठी बाईला उपदेशही करू नका. भाडं थेट घरमालकाला देऊन पावती घ्या. शाळेची फी शाळेत भरा, पावती मुलाच्या नावाची. मुलीचा एसटीचा पास काढून द्या. तेलाचा पाच लिटरचा डबा विकला जातो. लिटरच्या पिशव्या पिठाच्या डब्यात लपवता येतात. शिधा आठवड्याचाच द्या.

भेटीला बाईनेच जावं, तो घरी नसताना. मारहाण होत असेल तर ‘सोसून घे, देव बघतोय’ असं मंडळीतल्या कुणीही म्हणू नये. १८१ हा महिला मदतीचा क्रमांक तिला पाठ करून द्या. कागदावर लिहिलेला त्याला सापडतो. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती पाळकीणबाईंकडे ठेवायला सांगा.

प्रश्न : एका कुटुंबाने सावकाराचं कर्ज फेडायला मंडळीकडे २५ हजार उसने मागितले आहेत. द्यावेत का? (खजिनदार, नाशिक)

उत्तर : आधी ठरवा की हे देणं आहे की उसनं. बुडाले तर नातं तुटेल इतकी रक्कम उसनी देऊ नका. दहा हजार देणगी म्हणून आणि पाच हजार उसने, हे २५ हजार उसन्यांपेक्षा बरं. व्याज नको. पहिला हप्ता दोन महिन्यांनी. हप्ता आठवडी, कारण रोजंदारीच्या माणसाकडे महिन्याअखेर काही उरत नाही. वसुली रविवारी आणि मंदिराच्या दारात कधीही करायची नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात धनकोला बजावलं आहे की गहाणवस्तू घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. शिवाय कुणाचं जातं गहाण घेऊ नकोस, कारण तो त्याचा जीवच. आजचं जातं म्हणजे रिक्षा, शिलाई मशीन, मोबाइल.

सावकाराची बाजू नीट तपासा. परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. कितीतरी कुटुंबांनी मुद्दल दोनदा फेडलेलं असतं. परवाना नसेल किंवा हिशेब दाखवत नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. पैसे द्यायची वेळ आलीच तर दोघांनी सोबत जा आणि त्याच बैठकीत कोरे धनादेश, सही केलेले कोरे स्टँप पेपर आणि गहाण दागिना परत घ्या. ‘उद्या देतो’ म्हणाला तर पैसेही उद्या.

प्रश्न : विधवा भगिनीला शिलाई मशीन भेट द्यावं का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : शिवण येत असेल आणि आसपास काम मिळत असेल तरच. नाहीतर मशीनवर कपड्यांची चळत बसते. आधी तीन महिने कुणाकडे तरी हाताखाली काम, मग मशीन, आणि पहिल्या सहा महिन्यांत मंडळीतल्या घरांनी पडदे, उशांचे अभ्रे, ब्लाउज तिच्याकडेच टाकायचे, पूर्ण मजुरी देऊन. फुकट शिवून मागणारे मंडळीतच निघतात, त्यांना आवरा. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या बायकांना नुसतं अन्न-छप्पर दिलं नाही. विणकाम, छापखाना अशी कामं शिकवली आणि तो माल, ती छपाई तिथेच वापरात आली. धंद्याला गिऱ्हाईक लागतं, ते आधी पाहा.

प्रश्न : कॅनडातला भाचा मंडळीच्या मदतनिधीला पैसे पाठवू इच्छितो. चालेल का? (विश्वस्त, मुंबई)

उत्तर : त्याचा पासपोर्ट कुठला, ते विचारा. भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतले बँकेमार्फत येत असतील तर ती विदेशी देणगी होत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि विदेशी देणग्यांवरच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या मंडळीला ती घेता येत नाही. मामाच्या खात्यात मागवून तिथून मंडळीकडे वळवणं हा आडमार्ग धरू नका.

प्रश्न : ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांना मदत केली तर धर्मांतराचा संशय घेतला जातो. पिशवीत शुभवर्तमान ठेवावं का? फोटो काढावेत का? (एक बंधू, बीड)

उत्तर : दोन्ही नको. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला तेल आणि द्राक्षारस लावला, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. देवाची उपासना शोमरोन्यांच्या डोंगरावर करायची की यहुद्यांच्या यरुशलेमेत, हा जुना वाद त्याने त्याला ऐकवला नाही. भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही. त्या वेळी हातात दिलेलं पत्रक त्याला नाकारता येत नाही. म्हणून पिशवीसोबत पत्रक नाही, उपासनेला येण्याची अट नाही, नंतर कधी हिशेबही नाही. कुणी आपण होऊन विचारलं की हे का करता, तर सरळ उत्तर द्या. प्रार्थना करू का, असं विचारता येतं. ‘नको’ म्हटलं की विषय तिथेच संपला आणि पुढच्या महिन्याची पिशवी तितकीच भरलेली गेली पाहिजे.

फोटोचं म्हणाल, तर उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. त्या फोटोत उभी राहणारी मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार असते, एवढं जरी लक्षात घेतलं तरी मोबाइल खिशात राहील. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर दुकानाची पावती दाखवा.

पिशवी कापडी, साधी, नाव न छापलेली घ्या. दिवेलागणीनंतर जा, मंडळीची गाडी गल्लीबाहेर ठेवा. दार उघडल्यावर पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायची, शेजारणीच्या नजरेआड, आणि मागच्या वेळची रिकामी पिशवी घेऊन निघायचं.